ओळीत पाइपगॅस येतोय

"ताई, तुमचा मीटर कुठल्या भिंतीला?" वहिनींनी कुंपणापलीकडून विचारलं आणि माझी दुपारची झोप तिथल्या तिथे रद्द झाली.

नवीन पनवेलमधल्या बैठ्या घरांच्या ओळीत आम्ही दोघी शेजारी. मध्ये कमरेएवढी भिंत. माझ्या बाजूला कढीपत्ता, त्यांच्या बाजूला अळू. भिंतीच्या माथ्यावर हातभर जागा घासून गुळगुळीत झालीय, ती आमच्या कोपरांनी. पनवेलची महानगरपालिका झाली, २०१६ च्या ऑक्टोबरात, रायगड जिल्ह्यातली पहिली. पलीकडे विमानतळ उभा राहिला. पण या भिंतीवरचा कारभार तेवढा अजून ग्रामपंचायतीचाच आहे.

"मागच्या," मी म्हटलं. "ओट्याच्या खिडकीशेजारी. तुमचा?"

"आमचे म्हणतात पुढं लावू, रीडिंगवाला बाहेरच्या बाहेर बघून जाईल. मी म्हटलं, दारातच पिवळा पाइप नको, घराला हळद लागल्यासारखं दिसेल."

महानगर गॅसचा पाइप आता आमच्या गल्लीपर्यंत आलाय. इमारतींत तो कधीचा पोचला, कारण तिथे एक उभा पाइप चढवला की सगळ्या मजल्यांच्या शेगड्या पेटतात. बैठ्या घरांचं तसं नाही. दर दाराशी वेगळं खोदायचं, वेगळं वळण घ्यायचं, आणि दर दारात वेगळा स्वभाव.

"तिसऱ्या घरचं कळलं का?" वहिनींनी आवाज खाली घेतला. वहिनींचा खाली घेतलेला आवाज तिसऱ्या घरापर्यंत आरामात जातो.

"नाही म्हणाले ना?"

"नुसतं नाही? आमच्या भिंतीवरून पाइप नेऊच देणार नाही म्हणाले. दिवाळीला रंग काढलाय. शिवाय वास्तूवाल्यानं सांगितलंय, ईशान्येला अग्नी नको. मी म्हटलं, अहो, नळीत कुठला अग्नी? अग्नी तुमच्याच शेगडीत पेटणार, आणि शेगडी आहे तिथेच आहे. तर म्हणे, आम्हाला सिलिंडर बरा."

"मग पुढच्या चार घरांनी काय करायचं?"

"मागच्या बोळातून फिरवून नेतायत. त्या शेवटच्या घरच्या आजी तर काल तिसऱ्या घराच्या दारात उभं राहून म्हणाल्या, तुमचा रंग जपा हो, आमच्या चुलीचं आम्ही बघू. आणि ऐका ना, आमच्याकडे दोन ठिकाणी एकदम गॅस येतोय. इथे आणि धाकट्याकडे."

धाकटा म्हणजे वहिनींचा अमेरिकेतला मुलगा. मॅसॅच्युसेट्समध्ये, वूस्टरच्या जवळ त्यानं एक जुनं घर घेतलं. पहिले सहा महिने वहिनी त्या घराच्या लाकडी जिन्याबद्दल सांगत होत्या, मग अंगणातल्या हरणांबद्दल. आता तळघरावर आल्यात.

"त्याच्या तळघरात तेलाची टाकी आहे. दोनशे पंचाहत्तर गॅलनची. आमच्यांनी हिशेब केला, हजार लिटरच्या वर जातं ते! घर गरम ठेवायला. ट्रक येतो, घराच्या भिंतीला तोंड असतं त्यात नळी लावतो आणि टाकी भरून जातो. थंडी कडक पडली की पुन्हा येतो."

"घर गरम ठेवायला टाकी लागते? आपल्याकडे पत्रा पुरतो."

वहिनी हसल्या, पण मागे पायरीवर पेपर वाचत बसलेले त्यांचे यजमान, भाऊ, हसले नाहीत. भाऊंनी तळोजा एमआयडीसीत बॉयलर अटेंडंट म्हणून सगळी नोकरी काढली. कुठेही तेल, वाफ, ज्वाळा असा शब्द आला की त्यांचा पेपर खाली येतो.

"ते तेल म्हणजे डिझेलचंच भावंड," भाऊ म्हणाले. "आणि तिकडे त्यात लाल रंग घालतात. घरासाठीच्या तेलावर रस्त्याचा कर नसतो ना. कुणी ते ट्रकमध्ये भरून चालवलं तर टाकीत लाल दिसतं आणि पकडला जातो."

"आपलं रॉकेल निळं असायचं तसं!" मी म्हटलं.

"अगदी तसंच. रेशनचं निळं, खुल्या बाजारातलं पांढरं. निळं डिझेलमध्ये मिसळू नये म्हणून. रंग घातला, तरी मिसळणारे मिसळतच होते." भाऊ जरा थांबले. "मनमाडजवळ २०११ साली, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, यशवंत सोनवणे नावाच्या अपर जिल्हाधिकाऱ्यांना त्या भेसळवाल्यांनी भरदिवसा जाळून मारलं. विसरलात?"

विसरलो नव्हतो. भिंतीवर क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग वहिनींनीच अळूचं एक पान खुडलं, उलटून कीड बघितली आणि गप्पा परत रुळावर आल्या.

रॉकेलचा विषय निघाला की आमच्या वयाच्या बायकांचं नाक आधी बोलतं. पितळी पंपाचा स्टोव्ह, त्याच्या बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट, नाहीतर स्पिरिटात बुडवलेला काकडा. बर्नर तापला की पंप मारायचा. ज्वाळा निळी झाली की कामाला लागायचं. पिवळी झाली की पिन शोधायची, आणि ती पिन घरात कधीच जागेवर नसायची. भातालाही वास, चहालाही वास. डबा घेऊन रेशनच्या रांगेत उभं राहणं हे मुलांचं काम, आणि रांगेतून रिकाम्या डब्यानं परत येणं हेही मुलांचंच. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन मुंबईत रस्त्यावर उतरल्या. महागाई तर होतीच, पण रोज काय पेटवायचं हाही घरोघरचा प्रश्न होता. त्या मोर्चाला लाटणं मोर्चा म्हणतात. स्टोव्ह मोर्चा म्हटलं असतं तरी चाललं असतं, फक्त हातात धरायला जड गेला असता.

"आमच्या माहेरी लालबागला," वहिनी म्हणाल्या, "गॅस कंपनी होती. अजून त्या गल्लीला गॅस कंपनीची गल्लीच म्हणतात. आजोबा सांगायचे, तिथून पाइपानं गॅस जायचा. म्हणजे पाइपगॅस काही आत्ताची गंमत नाही."

"तो वेगळा," भाऊ म्हणाले. "कोळसा भट्टीत तापवून काढलेला. मुंबईतले रस्त्यावरचे दिवे १८६५ पासून त्याच्यावर जळायचे. त्यात कार्बन मोनॉक्साइड असायचा, कोंडला तर माणूस झोपेतच जायचा. आत्ता येतो तो नैसर्गिक गॅस, बहुतेक सगळा मिथेन. जळण्याआधी तो विषारी नाही."

"आणि येतो कुठून, तेही सांगा ना," वहिनींनी टाळी मिळण्याच्या अपेक्षेनं नवऱ्याला वाट करून दिली.

भाऊंनी पेपराची घडी घातली. आता व्याख्यान. पण मला ते आवडतं, कारण ते ओळीतल्या कुणाही मास्तरापेक्षा बरं सांगतात. १९७४ साली सागर सम्राट जहाजानं बॉम्बे हायला तेल शोधलं. किनाऱ्यापासून दीडएकशे किलोमीटर आत समुद्रात. तिथलं तेल आणि गॅस समुद्राखालच्या पाइपांतून जमिनीवर येतात ते उरणला. उरण म्हणजे इथून तासाभराची वाट. आपण मासे आणायला जातो ते उरण! तिथल्या ओएनजीसीच्या प्रकल्पात गॅस स्वच्छ करतात, त्यातला सिलिंडरात भरायचा भाग वेगळा काढतात, उरलेला पाइपात जातो. महानगर गॅस ही कंपनी १९९५ सालची. गेल आणि ब्रिटिश गॅस यांनी उभी केलेली, राज्य सरकारचाही वाटा. सुरुवात मुंबईत. उरणचा गॅस आमच्या डोक्यावरून मुंबईच्या चुलीत गेला आणि आम्ही त्याच रस्त्यावर सिलिंडरच्या टेम्पोकडे डोळे लावून बसलो. भाऊ हे असं म्हणाले नाहीत. ते सज्जन आहेत. हे माझं.

"सगळा काही उरणचा नसतो हं," भाऊंनी माझा चेहरा वाचला. "आता बाहेरूनही येतो. कतारसारख्या देशातून द्रवरूपात, उणे एकशे साठच्या आसपास थंड करून, जहाजानं. गुजरातेत दहेजला उतरतो, आपल्याकडे दाभोळला. पण घरगुती चुलींना आपल्या देशातला गॅस आधी द्यायचा असं धोरण आहे."

"ते उरणला आग लागली होती तेव्हा?"

"सप्टेंबर २०१९. चार माणसं गेली त्यात. गॅस हजिऱ्याकडे वळवला आणि मुंबईतल्या सीएनजी पंपांवर रांगा लागल्या. रिक्षावाले तासन् तास उभे. घरच्या शेगड्या मात्र आधी सांभाळल्या."

हे ऐकून वहिनींना धीर यायला हवा होता, पण त्यांच्या मनात मूळ काटा वेगळाच होता, आणि तो त्यांनी आता काढला.

"ताई, खरं सांगा. तुम्ही सिलिंडर परत देणार?"

ही आमच्या ओळीतली खरी फूट आहे. पाइप आला म्हणजे सिलिंडरचं कार्ड जमा करायचं, दोन्ही ठेवायचं नाही असा नियम. पण ज्या बाईनं आयुष्यभर एक चालू आणि एक भरलेला असे दोन सिलिंडर ओट्याखाली ठेवले, तिला नुसत्या नळीच्या भरवशावर राहा म्हणणं म्हणजे हातातलं सोडून हवेवर बस म्हणण्यासारखं आहे. भरलेला सिलिंडर दिसतो, हलवून बघता येतो. नळीतला गॅस आहे की नाही हे शेगडीची कळ फिरवल्याशिवाय कळत नाही. मुंबईत बर्मा शेलनं बर्शेन नावानं सिलिंडर आणले ते १९५५ साली. पण आमच्या घरांत गॅस आला तो सत्तर-ऐंशीच्या दशकांत, तोही वर्षानुवर्षं नंबर लावून. गॅस आला की रेशनकार्डावर शिक्का बसायचा आणि रॉकेल कमी व्हायचं. तेव्हा सासूबाईंनी तो शिक्का बघून डोळ्याला पदर लावला होता. शेजारच्यांना वाटलं आनंदानं. त्यांचं दुःख रॉकेलचं होतं! वीज गेली तर कंदिलात काय घालू, म्हणाल्या.

"मी देणार," मी म्हटलं. "पण कागद सापडेना."

"एसव्ही?"

"तोच. सबस्क्रिप्शन व्हाउचर. एजन्सीवाला म्हणतो, त्यावर जी अनामत लिहिलीय तेवढीच परत मिळणार."

"म्हणजे आपल्या वेळची? काहीशे रुपये?"

"काहीशेच. आज नवा घ्यायला गेलं तर एका सिलिंडरची अनामत बावीसशे. म्हणून तर लोक सोडत नाहीत. आज सोडला आणि उद्या मुलाच्या बदलीच्या गावी नवा घ्यावा लागला, तर?"

"आमचे म्हणतात, काहीही असो, स्वस्त पडेल."

"मी असं म्हटलेलं नाही," पायरीवरून आवाज आला.

आणि मग भाऊंनी जो हिशेब सांगितला त्यानं ओळीतल्या निम्म्या लोकांचा उत्साह मावळला असता, म्हणून मी तो इथंच लिहून ठेवते. साडेचौदा नव्हे, १४.२ किलो गॅस असतो सिलिंडरात. तेवढी उष्णता पाइपगॅसमधून मिळवायची तर सतरा-अठरा घनमीटर लागतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये मुंबईत सिलिंडर ८५२ रुपये ५० पैसे झाला आणि महानगर गॅसचा घरगुती दर ४९ रुपये घनमीटर. गुणून बघा. बरोबरीच. १ एप्रिल २०२२ ला राज्यानं नैसर्गिक गॅसवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीनवर आणला नसता, तर उलट महागच पडला असता. तेव्हा पैसे वाचतील म्हणून पाइप घेणाऱ्यांनी घाई करू नये. वाचतं ते दुसरंच: नंबर लावणं, ओटीपी सांगणं, दार उघडं ठेवून बसणं, ऐन संक्रांतीला तिळाच्या वड्या अर्ध्यात असताना ज्वाळा बसणं. माझ्या मते त्याची किंमत आहे. वहिनींच्या मते नाही, कारण त्यांच्याकडे दार उघडायला भाऊ आहेत.

"पण ताई, भाकरी फुगत नाही म्हणतात पाइपगॅसवर. माझी नणंद खारघरला, ती म्हणते ज्वाळा मंद."

"जेट बदलला नसेल नीट," भाऊ आता उठून भिंतीपाशीच आले. "सिलिंडरच्या गॅसमध्ये घनमीटरमागे उष्णता कितीतरी जास्त, आणि दाबही जास्त, म्हणून त्याच्या जेटचं भोक बारीक. पाइपगॅस शेगडीशी एकवीस मिलिबारनं येतो. हलका, कमी दाबाचा. त्याला भोक मोठं लागतं. शेगडी तीच चालते, आतला जेट बदलायचा. आणि हे काम कंपनीच्या माणसाकडून करून घ्यायचं. बाजारातला कुणी ड्रिल घेऊन आला तर त्याला चहा देऊन परत पाठवा."

"आणि गीझर?"

"गीझर तर नाहीच नाही घरी उघडायचा. सिलिंडरवर चालणारा पाइपगॅसवर तसाच जोडला तर धड जळणार नाही. अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड. बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावून माणसं गेल्याच्या बातम्या दर थंडीत येतात. गीझर बाहेर, हवा खेळती."

मला जुन्या पनवेलातला आमच्या आत्याचा बंब आठवला. वाड्याच्या परसात, तांब्याचा. खाली गोवऱ्या आणि करवंट्या, वर बसवलेल्या तोटीतून कढत पाणी. धूर डोळ्यांत जायचा, पण तो परसात असायचा. धूर न्हाणीत आणायची अक्कल आपल्याला विज्ञान आल्यावर सुचली.

"हलका म्हणालात ते चांगलं की वाईट?" वहिनींनी विचारलं.

"चांगलं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड; गळला तर खाली बसतो, ओट्याखाली, मोरीत, आणि ठिणगीची वाट बघतो. पाइपगॅस हवेपेक्षा हलका. वर चढतो, वाट मिळाली तर निघून जातो. म्हणून तर ते खिडकीच्या वरच्या भागात जाळी ठेवायला सांगतात. तू तिथे पुठ्ठा लावायचा नाहीस."

"पाल येते."

"येऊ दे."

मी पुठ्ठ्याबद्दल काही बोलले नाही. माझाही लावायचा विचार होता.

एवढ्यात वहिनींचा फोन वाजला. अमेरिकेत पहाटेची वेळ, म्हणजे धाकटा कामाला निघायच्या आधी बोलून घेत होता. वहिनींनी फोन भिंतीवर उभा केला, कढीपत्त्याला टेकवून. पडद्यावर तळघर. एका कोपऱ्यात ती तेलाची टाकी, पायांवर उभी, काळी. शेजारी जुना बॉयलर. तेल जळतं, पाणी तापतं, ते पाणी घरभर पाइपांतून फिरतं आणि भिंतीकडेच्या लोखंडी रेडिएटरांतून खोल्या गरम होतात. आता रस्त्यातल्या गॅसच्या पाइपातून घराला फाटा घ्यायचा, नगरपालिकेची परवानगी काढायची, इन्स्पेक्टर येणार, टाकी रिकामी करून बाहेर काढायची, जुनं धुराडं बंद करायचं.

"धुराडं बंद? मग धूर कुठून जाणार?" भाऊंनी विचारलं.

"बाबा, नवीन बॉयलरचा धूर इतका थंड असतो की प्लास्टिकच्या पाइपातून भिंतीबाहेर सोडतात."

भाऊ गप्प. चाळीस वर्षं ज्या माणसानं फर्नेस ऑइल तापवून पातळ केलं, कारण थंड असताना ते पंपाला ओढवत नाही, आणि ज्यानं धुराड्याकडे बघून बॉयलरची तब्येत ओळखली, त्याला प्लास्टिकचं धुराडं गिळणं सोपं नव्हतं. मग त्यांनीच उलगडा केला. धुरातली वाफ आतच थंड करून पाणी करायची, वाफेतली उष्णता परत बॉयलरला द्यायची. "कंडेन्सिंग," ते स्वतःशी म्हणाले. "शंभरातले नव्वदच्या वर वसूल. आमच्या वेळी हे असतं तर..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. त्यांच्या वेळचा मालक त्यांना आठवला असावा.

"पण आई, अजून ठरत नाहीये," मुलगा म्हणाला. "हिला गॅसची भीती वाटते. २०१८ साली इथं लॉरेन्स आणि अँडोव्हरला रस्त्यातल्या पाइपांत दाब वाढला आणि एकाच संध्याकाळी कितीतरी घरं पेटली. एक मुलगा गेला."

"जुने बिडाचे पाइप होते ना?" भाऊ म्हणाले. "तिथं रस्त्यातच कमी दाब ठेवलेला, म्हणून घराशी रेग्युलेटर नव्हते. रस्त्यात दाब चढला तो थेट शेगडीत. आपल्याकडे रस्त्यात दाब जास्त असतो, पण घराशी येईपर्यंत रेग्युलेटर तो उतरवतो. तिला सांग, घराशी रेग्युलेटर आहे का ते विचारून घ्या."

"आणि दुसरं म्हणजे, इथलं राज्य सरकार म्हणतं गॅसही नको, हीट पंप घ्या. विजेवरचा. एसी उलटा चालवल्यासारखा. बाहेरच्या थंड हवेतूनही उष्णता ओढून आत आणतो. त्याला सवलत मिळते, गॅसला नाही."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "ऐकलंत? आपल्या दारात गॅस पोचला नाही तोवर तिकडे म्हातारा झाला."

मला त्यात फारसं वाईट वाटलं नाही. तिकडे त्यांना बर्फात घर तापवायचंय, आणि घरभर हजार लिटर तेल जाळणाऱ्यानं पुढची उडी लांब मारली तर बरंच आहे. आम्हाला दोन वेळचा स्वयंपाक आणि बादलीभर आंघोळीचं पाणी. तेवढ्यासाठी मी या वयात पुन्हा दहा वर्षं थांबणार नाही. फोन बंद झाला. भाऊ त्या प्लास्टिकच्या धुराड्याचं चित्र पेपरच्या कडेला पेन्सिलीनं काढत बसले.

"अहो ताई," वहिनी पुन्हा हळू आवाजात, म्हणजे सर्वांना ऐकू जाईल अशा, "तिसऱ्या घरची सून सकाळी आली होती. मागच्या दारानं. सासऱ्यांना कळू देऊ नका म्हणाली, पण तो फॉर्म कुठे मिळतो? तिला सिलिंडर उचलून लावायचा कंटाळा आलाय. सासूबाई गुडघ्यानं, सासरे रंगानं, लावणार कोण?"

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, आधी वीजबिल, घराचा करारनामा आणि आधार काढून ठेव. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, म्हणजे सही त्यांचीच लागणार. त्यावर ती म्हणाली, सही मी घेते, तुम्ही फक्त वास्तूवाल्याचा नंबर द्या."

"कशाला?"

"त्याच्याकडूनच आग्नेय दिशा लिहून आणणार. मीटर आग्नेयेला बसला तर सासऱ्यांची हरकत उरत नाही म्हणे. आग्नेयेला म्हणजे, ताई, बरोबर तुमच्या भिंतीला लागून."

"माझ्या?"

"कढीपत्ता थोडा छाटावा लागेल. आणि उद्या जेट बदलायला माणूस आला की आधी माझ्याकडे पाठवा हं. नणंद यायचीय दुपारी, तिला भाकरी फुगवून दाखवायचीय."